कोलमडलेल्या सर्व्हर-समूहाची पुनर्घटना



बँकेंतील खातीं, इस्पितळांतील रुग्णांच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे निकाल, विजेचीं बिलें हें सारें आज कोठें तरी सर्व्हर नांवाच्या संगणकांत साठविलेलें असतें. तो संगणक बंद पडला, कीं ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे तीन शब्द ऐकून आपण खिडकीवरून परत फिरतों. त्या वेळीं खिडकीच्या पलीकडे काय चाललेलें असतें, आणि मोडलेली व्यवस्था पुन्हां उभी करण्यास कधीं कधीं इतका विलंब कां लागतो, याचा उलगडा आज करावयाचा आहे.

प्रथम आभासी सर्व्हर म्हणजे काय तें पाहूं. जुन्या मोठ्या वाड्यांत अनेक बिऱ्हाडें नांदत. प्रत्येकाची चूल निराळी, कुलूप निराळें. परंतु पाया आणि छप्पर सर्वांचें एकच. त्याचप्रमाणें एका भक्कम संगणकाच्या पोटांत दहा-वीस स्वतंत्र संगणक असल्याचा आभास निर्माण करितां येतो. वाड्याच्या ठिकाणीं असलेल्या या खऱ्या यंत्रास आपण ‘यजमान’ म्हणूं. ही युक्ति नवी नाहीं. आयबीएम कंपनीनें १९७२ सालीं व्हीएम/३७० या नांवानें ती ग्राहकांपुढें मांडिली होती. पुढें २००७ मध्यें लिनक्स या खुल्या प्रणालीच्या गाभ्यांतच केव्हीएम नांवाची तशी सोय समाविष्ट झाली, आणि साध्या यंत्रांवरहि बिऱ्हाडकरू सर्व्हर सहज नांदूं लागले.

परंतु वाडाच कोसळला तर सारीं बिऱ्हाडें एकदम उघड्यावर येतात. म्हणून शहाणा व्यवस्थापक एकाच यजमानावर विसंबत नाहीं. तो तीन किंवा पांच यजमान एकत्र जोडतो आणि त्यांचा कारभार एका सूत्रानें चालवितो. या जोडणीस क्लस्टर, म्हणजे समूह, असें म्हणतात. असा कारभार पाहणाऱ्या अनेक प्रणाली आहेत. त्यांपैकीं व्हिएन्ना येथील कंपनीची, २००८ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेली, प्रॉक्समॉक्स ही खुली प्रणाली मी उदाहरणादाखल घेतों.

समूहाचा सारा कारभार एका नोंदवहीवर चालतो. कोणता आभासी सर्व्हर कोणत्या यजमानावर आहे, त्यास स्मृति किती दिली, त्याची तबकडी कोठें आहे, हें सर्व तींत लिहिलेलें असतें. शाळेंत ज्यांनीं जनरल रजिस्टर सांभाळलें आहे त्यांस या वहीची थोरवी निराळी सांगावयास नको. भेद इतकाच, कीं येथें तिची एकेक प्रत प्रत्येक यजमानाजवळ असते, आणि एका प्रतींत केलेला फेरफार तत्काळ इतर सर्व प्रतींत उतरतो. कोरोसिंक नांवाचा एक निरोप्या हे निरोप यजमानांमध्यें अखंड फिरवीत असतो.

आतां प्रश्न असा, कीं यजमानांमधील तार तुटली तर कोणाची प्रत खरी मानावी? यावर उत्तर आहे गणपूर्ति, म्हणजेच कोरम. आपल्या लोकसभेच्या बैठकीस एकूण सभासदांपैकीं एकदशांशांची हजेरी पुरते. संगणकांच्या सभेस तेवढी पुरत नाहीं. तेथें निम्म्यांहून अधिक मतें लागतात. तिघांत दोन, चौघांत तीन, पांचांत तीन. याचें कारण सोपें आहे. सभेचे फुटून दोन गट झाले, तर दोहोंजवळ एकाच वेळीं निम्म्यांहून अधिक मतें असणें अशक्य आहे. म्हणून फार तर एकच गट वहींत लिहूं शकतो. दोनच यजमानांच्या समूहांत मात्र एक गेला कीं उरलेल्याचें एक मत अपुरें पडतें. यास्तव तेथें तिसरें मत देणारा एक लहानसा साक्षीदार बाहेरून नेमून ठेवितात.

गणपूर्ति मोडली, कीं उरलेला यजमान वहीवरील लेखणी खालीं ठेवितो. चालू असलेले सर्व्हर सामान्यतः चालू राहतात. परंतु नवा सुरू करितां येत नाहीं, कीं एक अक्षर बदलतां येत नाहीं. एका यजमानावरील सर्व्हर दुसऱ्यावर आपोआप सुरू करण्याची सोय जेथें योजिलेली असते, तेथें तर गणपूर्ति गमावलेला यजमान सुमारें ६० सेकंदांनीं स्वतःस बंद करून पुन्हां प्रारंभ करितो. हेतु हा, कीं बहुमताच्या गटानें त्याचे सर्व्हर हातीं घेण्यापूर्वीं त्याचा हात निघालेला असावा. नवशिका मनुष्य या थांबण्यास बिघाड समजतो आणि तो कसा मोडून काढावा याच्या खटपटीस लागतो. वस्तुतः तो बिघाड नव्हे, ती राखण आहे. एकच आभासी सर्व्हर दोन यजमानांवर एकाच वेळीं सुरू झाला आणि दोघेहि एकाच तबकडीवर लिहूं लागले, तर तेथील माहितीचा असा चुथडा होतो, कीं ती मागाहून निवडून काढणें बहुधा शक्य होत नाहीं.

दोन प्रतींत फूट पडली म्हणजे काय होतें, याचें एक जाहीर उदाहरण आहे. गिटहब या अमेरिकन कंपनीचें केंद्र जगभरच्या प्रोग्रामरांचे लेख सांभाळतें. २१ ऑक्टोबर २०१८ रोजीं एक यंत्र बदलतांना तिच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राचा संबंध अवघे ४३ सेकंद तुटला. तेथें प्रश्न आभासी सर्व्हरांचा नसून डेटाबेसांचा होता, परंतु तत्त्व तेंच. बहुमताच्या गटानें लेखणी पश्चिम किनाऱ्याकडे सोंपविली. पण पूर्वेकडील शेवटच्या कांहीं सेकंदांच्या नोंदी तेथवर पोंचल्याच नव्हत्या. संबंध पुन्हां जुळला तेव्हां दोन्ही बाजूंस परस्परांजवळ नसलेल्या नोंदी होत्या. चालकांनीं घाईपेक्षां माहितीच्या शुद्धतेस अधिक मान दिला, आणि सेवा पूर्ववत् होण्यास २४ तास ११ मिनिटें लागलीं. ४३ सेकंदांच्या फुटीची ही किंमत!

आतां पुनर्घटनेकडे वळूं. समजा, तिघांपैकीं एक यजमान कायमचा निकामी झाला. उरलेल्या दोघांजवळ गणपूर्ति आहे. तेव्हां घाबरण्याचें कारण नाहीं. प्रथम वहीची एक प्रत समूहाबाहेर सुरक्षित काढून ठेवावी. नंतर मृत यंत्राची वीज व तार स्वतः जाऊन काढावी. दुरून उत्तर मिळत नाहीं एवढ्यावरून तें मेलें असें मानूं नये. मग त्याचें नांव समूहाच्या यादींतून कमी करावें, आणि जुन्या स्थितींत तें पुन्हां त्या जाळ्यांत कधींहि चालू करूं नये. त्याच्या सर्व्हरांच्या तबकड्या सामाईक कोठारांत असतील, तर वहींतील त्यांच्या नोंदी जिवंत यजमानाच्या नांवें केल्या कीं ते तेथें सुरू होतात. तबकड्या मृत यंत्राच्याच पोटांत असतील, तर मात्र राखीव प्रतींवांचून गत्यंतर नाहीं.

त्यानंतर नव्या यंत्रावर प्रणाली पहिल्यापासून बसवावी आणि त्यास समूहांत दाखल करावें. त्यानें रिकाम्या हातांनीं यावें, हा नियम आहे. दाखल होतांच त्याची स्वतःची वही पुसली जाऊन समूहाची वही त्याच्या हातीं येते. त्यानें आधींच कांहीं सर्व्हर बाळगले असतील तर त्यांच्या नोंदी नाहींशा होतील, अथवा त्यांचे क्रमांक दुसऱ्यांच्या क्रमांकांशीं आदळतील.

दुसरा प्रसंग अधिक कठीण. तिघांपैकीं दोघे पडले आणि एकटाच उरला. अपेक्षित मतांची संख्या एकवर आणण्याची आज्ञा देऊन त्याच्या हातीं लेखणी परत देतां येते. ही आज्ञा लिहावयास अर्धें मिनिटहि लागत नाहीं. धोका नेमका येथेंच आहे. दुसरे दोघे खरोखर बंद आहेत, केवळ तार तुटल्यामुळें दिसेनासे झालेले नाहींत, याची डोळ्यांनीं खात्री झाल्यावांचून ती कदापि देऊं नये. नाहींतर पलीकडे त्या दोघांचें बहुमत लिहीत असतें, इकडे हा एकटा लिहीत असतो, आणि जी फूट टाळावयाची तीच आपण आपल्या हातांनीं पाडलेली असते.

तिसरा प्रसंग सर्वनाशाचा. एकहि यजमान वांचला नाहीं, परंतु वहीची प्रत बाहेर ठेवलेली आहे. अशा वेळीं नवें यंत्र घ्यावें, वही संभाळणारी सेवा थांबवावी, जुनी प्रत तिच्या जागीं ठेवावी, यंत्रास गेलेल्या यजमानाचेंच नांव व पत्ता द्यावा आणि तें पुन्हां सुरू करावें. यानें कारभाराची घडी परत मिळते. परंतु वही म्हणजे विद्यार्थी नव्हेत. रजिस्टर मिळालें म्हणून वर्ग भरत नाहीं. आभासी सर्व्हरांच्या आंतील माहिती ज्यानें निराळ्या ठिकाणीं नियमानें उतरवून ठेविली असेल, त्यालाच ती परत मिळते.

अनेकांची येथेंच फसगत होते. तीन यजमान आहेत म्हणजे तीन प्रती आहेत, असें ते मानतात. समूह यंत्राच्या मरणापासून रक्षण करितो, मनुष्याच्या चुकीपासून नव्हे. एका प्रतींत चुकून खोडलेली ओळ तिन्ही प्रतींतून त्याच क्षणीं खोडली जाते. म्हणून राखीव प्रत समूहाबाहेर असावी, आणि ती उघडते कीं नाहीं हें संकट येण्यापूर्वींच पाहून ठेवावें.

पुढील खेपेस ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द कानीं पडतील तेव्हां आपला वैताग स्वाभाविकच आहे. परंतु पलीकडे कोणी तरी आपल्या खात्याची खरी नोंद कोणती हें ठरविल्यावांचून लेखणी उचलावयास तयार नसेल, तर तो विलंब आपल्याच हिताचा आहे, इतकें ध्यानीं असावें.