रजा शिल्लक राहिलेली पंचवीस वर्षे

सिडनीच्या पश्चिमेस पसरलेल्या ब्लॅकटाउन शहरात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जी मराठी कुटुंबे वसत गेली, त्यांचा इतिहास घरांच्या, शाळांच्या आणि गणेशोत्सवांच्या अंगाने पुष्कळदा सांगितला जातो. परंतु त्याच काळात त्यांच्या कामाचे तास कसे वाढत गेले, रजेचे दिवस खात्यावर कसे साचत गेले आणि कर्तबगार म्हणून नावाजलेली माणसे पन्नाशीच्या आतच आतून कशी रिती होत गेली, याची कैफियत सहसा कोणी मांडीत नाही. ती मांडणे मला अगत्याचे वाटते, कारण या शिणाचे खापर आपण आजवर माणसाच्या मनोबलावर फोडीत आलो आहोत, आणि त्याचे मूळ मात्र कामाच्या रचनेत आहे.

वास्तविक ही कुटुंबे ज्या देशात आली तो देश विश्रांतीच्या बाबतीत अग्रेसर. मेलबर्नच्या पाथरवटांनी २१ एप्रिल १८५६ रोजी काम थांबवून मोर्चा काढला आणि आठ तासांचा दिवस मिळविला. १९४८ च्या आरंभी आठवडा ४० तासांचा झाला. आणि २०१० पासून अंमलात आलेल्या राष्ट्रीय मानकांत ३८ तासांची मर्यादा व चार आठवड्यांची भरपगारी रजा यांची तरतूद आहे. आपल्यालाही हा लढा परका नव्हे. मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सरकारी आयोगापुढे ठेवला, त्यात रविवारची सुटी आणि दुपारचा अर्ध्या तासाचा विसावा या मागण्या होत्या; पैकी रविवार पदरात पडण्यास १० जून १८९० उजाडावा लागला. ज्यांच्या पणजोबांनी परळच्या चाळीतून तो रविवार उपभोगला, त्यांचेच वंशज आज सेव्हन हिल्स नि क्वेकर्स हिलच्या प्रशस्त घरांत रविवारी संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसतात, ही गोष्ट मला खरोखर व्यथित करते.

असे का व्हावे? एक कारण कायद्यातच आहे: ३८ तासांच्या पुढे ‘वाजवी’ जादा तास मागण्याची मुभा मालकास आहे, आणि वाजवी म्हणजे किती, हे विचारण्याचे धैर्य ज्याचा मुक्कामच नोकरीवर अवलंबून आहे त्याला होत नाही. १९९६ साली सुरू झालेल्या ४५७ क्रमांकाच्या व्हिसावर, आणि २०१८ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या ४८२ वर, आलेल्या माणसाची नोकरी सुटली तर नवा स्पॉन्सर शोधण्यास कित्येक वर्षे केवळ ६० दिवसांची मुदत मिळे. घरभाडे, मुलांची शाळा, गावाकडे पाठवावयाचे पैसे हे सारे त्या ६० दिवसांवर टांगलेले असताना साहेबाच्या रात्री नऊच्या निरोपास नकार कोण देणार? १ जुलै २०२४ पासून ही मुदत १८० दिवसांची झाली. ताण कमी करण्याच्या नावाखाली भरणाऱ्या डझनभर शिबिरांपेक्षा या एका दुरुस्तीने अधिक माणसांना निर्धास्त झोप दिली असेल, असे मी मानतो.

दुसरे कारण आपल्या संसारात आहे. वर्षाच्या २० दिवसांच्या रजेला ब्लॅकटाउनच्या मराठी घरात कोणी हात लावीत नाही. ती डिसेंबरात महाराष्ट्रात जाण्यासाठी राखलेली असते, आणि त्यातलेही चार-पाच दिवस, सांगलीला किंवा नाशिकला आईवडिलांपैकी कोणाचे अचानक काही झालेच तर, म्हणून मागे ठेवलेले असतात. तिकडे गेल्यावर तरी विसावा कुठला! लग्ने, दवाखाने, बँकेचे दप्तर, वडिलोपार्जित जागेच्या सातबाऱ्याची कामे उरकून माणूस अधिकच थकून कामावर रुजू होतो. आजारपणाच्या १० दिवसांचेही तेच. ताप अंगावर काढणे हा आपल्याकडे अजून सद्गुण समजला जातो.

२०२१ च्या हिवाळ्यात ही सारी व्यवस्था उघडी पडली. कोविडच्या साथीमुळे जून ते ऑक्टोबर सिडनी बंद होते आणि ब्लॅकटाउनवर निर्बंध अधिक कडक होते. संगणकावर काम करणाऱ्यांचे घर हेच कार्यालय झाले आणि त्याची वेळ संपेनाशी झाली; परिचारिका, गोदामातील कामगार आणि वृद्धाश्रमातील सेविका मात्र रोज बाहेर पडत राहिल्या. एका घरी फ्रिजवर चिकटविलेला पाळ्यांचा तक्ता मी पाहिला होता: रात्रपाळीनंतर मध्ये एकच मोकळा दिवस, मग पुन्हा सकाळपाळी, आणि त्या मोकळ्या चौकोनात मुलीच्या हस्ताक्षरात ‘आई झोपली आहे’. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या तेव्हा त्यांची मुख्य मागणी एका परिचारिकेमागे किती रुग्ण असावेत, हे ठरवून देण्याची होती. आपल्या शिणाचे निदान त्यांनी अचूक केले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच बर्नआउट हा कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम असल्याचे नमूद केले होते. न्यू साउथ वेल्सच्या नियमांनी १ ऑक्टोबर २०२२ पासून अवाजवी कामाचा बोजा, अस्पष्ट जबाबदारी, दांडगाई यांसारख्या मानसिक धोक्यांचे निवारण मालकाचे कर्तव्य ठरविले. त्यापुढे २६ ऑगस्ट २०२४ पासून वेळेबाहेरच्या फोनला उत्तर न देण्याचा हक्क आला. पंधराहून कमी नोकर असलेल्या आस्थापनांना तो वर्षभराने लागू झाला. प्राणायामाने मन स्थिर होते यात संशय नाही, मीही तो करतो. परंतु दोघांचे काम एकाकडे सोपविणाऱ्या दप्तरावर त्याचा काडीइतका परिणाम होत नाही.

फोनला उत्तर न देण्याच्या या हक्काने एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. ब्लॅकटाउनमधील असंख्य मराठी माणसांचे सहकारी पुण्यात हिंजवडीला बसतात. एप्रिल ते सप्टेंबर दोन्हीकडच्या घड्याळांत साडेचार तासांचे अंतर असते, ऑक्टोबरात इकडची घड्याळे पुढे सरकली की साडेपाच. म्हणजे त्या काळात पुण्याचे दहा वाजतात तेव्हा इकडे दुपारचे साडेतीन झालेले असतात आणि दोघांच्या वाट्याला जेमतेम दीड तास सामाईक उरतो. उरलेले बोलणे कोणाच्या तरी जेवणाच्या ताटावर येते. इकडच्याने नवा हक्क बजावून सायंकाळी फोन बंद केला, तर तिकडच्याला पहाटे सहाला उठून बसावे लागते, आणि त्याच्या पाठीशी असा कायदा नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलेले तशा हक्काचे खासगी विधेयक मंजूर झाले नाही. तेव्हा सभांच्या वेळा त्या दीड तासातच बसविण्याचा आग्रह इकडच्या माणसाने आपल्या वरिष्ठाकडे लेखी धरावा, आणि तो केवळ स्वतःच्या नव्हे, तर पुण्याच्या सहकाऱ्याच्याही नावाने धरावा.