मुखवट्यांच्या बेटावरचा बाजार

आसाममधल्या जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून माजुलीला जाणाऱ्या बोटी एरवीही भरलेल्याच असतात. कार्तिकी पौर्णिमा जवळ आली, की त्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. माणसं, मोटारसायकली, पोती, बोचकी असं सगळं एकाच फळीवरून आत चढतं आणि ब्रह्मपुत्रेचं रुंद पात्र ओलांडू लागतं. आपल्याकडे त्रिपुरारी पौर्णिमेला दीपमाळा उजळतात, त्याच सुमारास माजुलीत रासाचा उत्सव रंगतो. सत्रांमध्ये, गावोगावच्या नामघरांमध्ये (सामूहिक प्रार्थनागृहांमध्ये) आणि उघड्या मांडवांत कृष्णलीला सादर होतात. त्यासाठी जमणाऱ्या गर्दीतून बेटावरच्या कारागिरांना वर्षातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक मिळतं.

माजुली हे नदीतलं बेट आहे. दक्षिणेला ब्रह्मपुत्रा, उत्तरेला सुबनसिरी आणि ब्रह्मपुत्रेचाच एक फाटा. 2016 मध्ये माजुलीला जिल्ह्याचा दर्जा मिळाला. पूर्ण बेटाचा जिल्हा होण्याचा मान देशात प्रथम याच बेटाला मिळाला. पण आसामी माणूस माजुलीला ओळखतो तो सत्रांमुळे. श्रीमंत शंकरदेव (1449–1568) आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांनी वैष्णव भक्तीची जी चळवळ उभी केली, तिचे मठ म्हणजे ही सत्रं. भक्ती लोकांपर्यंत पोचवायला शंकरदेवांनी नाटकाचा आधार घेतला. आपल्याकडे एकनाथांनी भारुडांतून जे साधलं, तेच त्यांनी अंकिया नाटांतून साधलं. या नाटकाच्या प्रयोगाला ‘भाओना’ म्हणतात. भाओनात राक्षस, पक्षी, नाग अशी पात्रं येतात आणि त्यांच्यासाठी लागतो मुखवटा, म्हणजे आसामीत ‘मुखा’.

मुखवट्यांसाठी सर्वांत नावाजलेलं ठिकाण म्हणजे सामगुरी सत्र. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहिलेल्याला मुखवटा घालून नाचणारे देव-दानव नवे नाहीत, तरी सामगुरीतली रचना पाहून तो थबकेल. इथला मुखवटा टोपलीसारखा विणलेला असतो. बांबूच्या पातळ कामट्या काढून पाण्यात भिजवतात आणि त्यांचा षट्कोनी जाळीचा सांगाडा विणतात. त्यावर चिकणमातीच्या पातळ रबड्यात बुडवलेल्या कापडाचे तुकडे थरावर थर चिकटवतात. वाळल्यावर माती आणि शेण कालवून त्या मिश्रणानं नाक, भुवया, गाल, दात उठवले जातात. मग बांबूच्याच पातीनं घासून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा आणि शेवटी रंग द्यायचा. प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहावी लागते, त्यामुळे एकेका मुखवट्याला अनेक दिवस लागतात. घाई केली तर तडे जातात.

मुखवट्यांचे प्रकार तीन. फक्त चेहरा झाकणारा तो ‘मुख मुखा’. त्याहून मोठा आणि सांध्यांशी हलणारा तो ‘लोटोकाई’. आणि ज्यात डोक्यासोबत धडही येतं, माणूस अक्षरशः आत शिरतो, तो ‘बोर मुखा’. दहा तोंडांचा रावण, पूतना, बकासुर रंगमंचावर आले, की पुढे बसलेली लहान मुलं आईला बिलगतात. सामगुरीचे हेमचंद्र गोस्वामी यांनी या परंपरेत एक मोलाची भर घातली. त्यांनी जबडा आणि डोळे हलतील असे मुखवटे घडवले, त्यामुळे पात्र संवाद म्हणताना खरंच बोलतंय असं वाटू लागलं. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता प्रश्न बाजाराचा. रावणाचा बोर मुखा पाहुणा घरी नेणार कसा? म्हणून तळहाताएवढे, बोटीतून आणि विमानातून नेता येतील असे छोटे मुखवटे तयार होऊ लागले. यावर नाक मुरडणारे जाणकार आहेत. नाटकासाठी जन्मलेली वस्तू भिंतीवरची शोभा झाली, अशी त्यांची खंत असते. ती समजण्यासारखी आहे, पण या छोट्या मुखवट्याची बाजू अधिक भक्कम आहे. भाओना वर्षभर रोज होत नाही आणि सत्राला दरसाल नवे बकासुर लागत नाहीत. हाताला सतत काम नसेल, तर जाळी विणणारी बोटं दुसऱ्या मजुरीला लागतात. छोट्या मुखवट्यालाही तोच बांबू, तीच माती, तेच थर लागतात. शिकणाऱ्या मुलाचा हात त्यावरच बसतो.

मुखवट्याच्या शेजारी कधी पोथीचित्रं दिसतात, आणि तिथे मराठी वाचकानं जरा रेंगाळावं. सत्रांमध्ये भागवताच्या पोथ्या सांची, म्हणजे अगरूच्या झाडाच्या सालीवर लिहिल्या आणि चितारल्या जात. लाल रंगासाठी ‘हेंगुल’ आणि पिवळ्यासाठी ‘हाइताल’. हे दोन्ही शब्द आपलेच: हिंगूळ आणि हरताळ. आपल्याकडे पोथीतली चुकलेली अक्षरं हरताळ फासून झाकत, त्यातूनच वाक्प्रचार आला. माजुलीत त्याच हरताळानं कृष्णाचा पीतांबर उजळतो.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला सालमोरा आहे, कुंभारांचं गाव. इथे चाक नाही. बायका मातीचा गोळा हातानं फिरवत, थापटत, वाढवत नेतात आणि त्यातून कळशी किंवा गाडगं उभं राहतं. माती खणणं, आवा रचून भाजणं आणि विक्री ही पुरुषांची कामं. भाजलेली मडकी होडीत भरून नदीकाठच्या गावांना न्यायची आणि बदल्यात भात घ्यायचं, असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. बलुतं पाहिलेल्या घरातल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की इथे कुंभारच दारोदार, तोही पाण्यावरून. आता ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकनं ही मागणी बरीच खाल्ली आहे.

बेटावरच्या मिसिंग या आदिवासी समाजाच्या वस्त्यांमध्ये घरं खांबांवर उंच असतात. पुराचं पाणी खालून जावं, ही त्यातली सोय. कोरड्या दिवसांत त्याच खालच्या सावलीत हातमाग मांडलेला असतो. बहुतेक घरांत बायका विणतात: कमरेला गुंडाळायची ‘एगे’, अंगावर घ्यायची ‘गासेंग’, आणि थंडीसाठी ‘मिरिजिम’ हे जाड उबदार सुती पांघरूण. कपड्यावरच्या समभुज चौकोनांच्या नक्षीवरून ते काम मिसिंग मागावरचं आहे, हे जाणती नजर सांगते.

मार्च 2024 मध्ये माजुलीचे मुखवटे आणि माजुलीची पोथीचित्रं या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. पैठणीला आणि कोल्हापुरी चपलेला आहे तेच. याचा अर्थ, दुसरीकडे साच्यातून काढलेला मुखवटा ‘माजुलीचा’ म्हणून विकणं कायद्यानं गुन्हा ठरतं. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, जमिनीचं नाही.

आणि माजुलीत जमीनच जाते आहे. 15 ऑगस्ट 1950 च्या मोठ्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेत गाळ भरला, पात्र उथळ झालं आणि नदी काठ अधिक जोमानं कापू लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे 880 चौरस किलोमीटर असलेलं बेट 2014 पर्यंत 352 चौरस किलोमीटरच्या आसपास आल्याचं सांगितलं जातं. कित्येक सत्रांना बेट सोडून पलीकडच्या तीरावर जावं लागलं. कारागिराचं नुकसान यात दुहेरी आहे. घरासोबत बांबूचं बेटही वाहून जातं. सालमोऱ्यात तर पेच आणखी अवघड झाला: कुंभाराला हवी ती चिकट माती काठात खोलवर सापडते, आणि काठ ढासळू नये म्हणून तिथे खणण्यावर निर्बंध आले. नदीला रोखायला हवं हे कुंभारालाही पटतं, पण त्याला दुसरीकडून माती कोण आणून देणार, याची सोय काठ वाचवण्याच्या कामाच्या आराखड्यातच असायला हवी होती.

रासाला माजुलीत जायचं असेल तर राहण्याची सोय आधी करून ठेवावी. त्या दिवसांत ऐनवेळी खोली मिळणं कठीण. मुखवटा घेताना तो कोणत्या पात्राचा आहे आणि कोणी केला हे विचारावं, करणाऱ्याचं नाव मागच्या बाजूला लिहून घ्यावं. घासाघीस करू नये. आणि घरी आणल्यावर तो पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नये, कारण रंगाच्या आत माती, शेण, कापड आणि बांबू आहे.