अर्ध्या गोळीचा हिशेब

मावशीच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दोन प्रकारच्या खुणा असतात. दुधाचा खाडा असेल त्या दिवशी फुली, आणि रात्री गोळी घेतली असेल तर त्या तारखेच्या कोपऱ्यात ठिपका. ठिपक्यांची कल्पना साताऱ्यातल्या तिच्या डॉक्टरांची. "आठवड्यातून किती वेळा घेता, बाई?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "कधीमधीच हो. लागली तरच." डॉक्टरांनी मान डोलावली आणि सांगितलं, पुढचे तीन आठवडे काहीही बदलू नका, फक्त खूण करा.

काका गेले तेव्हा कुणीतरी लिहून दिलेली ती गोळी. अल्प्राझोलाम, ०.२५ मिलिग्रॅम. चिठ्ठीवर पुढे 'एसओएस' असं लिहिलेलं, म्हणजे लागेल तशी. ते लागणं संपलं कधी आणि सवय सुरू झाली कधी, हे मावशीलाही सांगता येत नव्हतं. ठिपके मात्र बोलू लागले. आठवड्याला साधारण चार. अमेरिकेतल्या मुलाचा फोन आला की त्या रात्री हमखास एक. लग्नाला जायचं असलं की आदल्या रात्री एक. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, त्या आठवड्यात तर रांगच. चाळीस वर्षं वर्गात पोरांना धाकात ठेवलेल्या बाईला बँकेच्या खिडकीसमोर अंगठा उमटेल की नाही, याची धास्ती!

मला स्वतःला या 'लागेल तशी' प्रकाराची भीती रोजच्या गोळीपेक्षा जास्त वाटते. रोज घेणाऱ्याला निदान आपण रोज घेतो हे माहीत असतं.

या जातीच्या गोळ्या मेंदूतल्या 'गाबा' नावाच्या रसायनाचं काम वाढवतात. ते मेंदूची धावपळ आवरणारं रसायन. बाहेरून मदत वारंवार मिळाली, की मेंदू त्या मानाने स्वतःला जुळवून घेतो. मग मदत एकाएकी थांबली तर छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडणं, बारीकसा आवाजही न सोसणं. महिनोन् महिने रोज आणि जास्त मात्रेत घेणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. त्यामुळे "मनाचा निग्रह कर आणि टाक फेकून" असा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांचा मला राग येतो. निग्रहाचा इथे संबंध फार थोडा.

या गोळ्यांचा पहिला अवतार, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली बाजारात आला आणि डायझेपाम १९६३ साली. दोन्ही लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून आले. त्या सोडवायच्या कशा, हे शिकायला जगाला आणखी वीस वर्षं लागली. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं फक्त या गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. हळूहळू, रुग्णाच्या चालीने, आणि गरज पडली तर शरीरात जास्त वेळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणून मग कमी करायचं, ही त्यांची रीत. अल्प्राझोलाम त्या मानाने लवकर उतरते. अकरा-बारा तासांत निम्मी, म्हाताऱ्या शरीरात जरा सावकाश. म्हणून रात्री घेतली आणि दुसऱ्या रात्री घेतली नाही, की संध्याकाळपासूनच चुळबुळ. मावशीला वाटे, बघ, मला गरज आहेच.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी कालनिर्णयाचं पान मागितलं. मावशीने ते चक्क भिंतीवरून काढून नेलं होतं. त्यांनी ठिपके मोजले आणि जे सांगितलं, ते ऐकून आम्ही दोघंही चाट पडलो. आता रोज घ्या, म्हणाले. पण अर्धी, ठरलेल्या वेळी, मन कसंही असो. आठवड्याला चार पूर्ण गोळ्या म्हणजे एक मिलिग्रॅम. रोज अर्धी म्हणजे सात अर्ध्या, पाऊण मिलिग्रॅमहून जरा जास्त. एकूण मात्रा थोडी घटली, पण मुख्य म्हणजे 'घेऊ की नको' हा रोजचा तमाशा बंद झाला. गोळी आणि धास्ती यांची जोडी तोडायची होती. ही आखणी मावशीपुरती, तिचं वय, मात्रा आणि ठिपके पाहून केलेली. दुसऱ्याने ती उचलू नये.

गोळी तुरीच्या डाळीएवढी. मावशीने आधी अडकित्ता काढला. एक अर्धी फ्रिजखाली गेली आणि दुसरीचा चुरा झाला. मग औषधाच्या दुकानातून कटर आणला. प्लॅस्टिकची छोटी डबी, झाकणात पातं. गोळीवरची रेघ पात्याखाली नीट आली पाहिजे आणि झाकण एका दमात दाबलं पाहिजे. दबकत दाबलं की भुगा. पट्टीतल्या सगळ्या आधीच कापून ठेवायच्या नाहीत, पावसाळी हवेत तुकडे दमट होतात. दोन अर्धे कधीच अगदी सारखे निघत नाहीत, म्हणून एकाच गोळीचे दोन्ही तुकडे लागोपाठच्या रात्री घ्यायचे. हळूहळू विरघळणारी, 'एसआर' लिहिलेली गोळी असेल तर कापायचीच नाही, तिची सगळी रचनाच बिघडते.

दुकानदार मावशीला वर्षानुवर्षं ओळखतो, तरी चिठ्ठीशिवाय देत नाही. हे औषध 'एच-वन' यादीत आहे. २०१४पासून प्रत्येक विक्री वहीत लिहावी लागते.

अर्धीवर आल्यावर तिसऱ्या-चौथ्या रात्री मावशीची झोप मोडली. ताटं आपटल्याचा आवाज डोक्यात जाऊ लागला. तिने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मात्रा कमी केल्याची ही कुरकुर आहे, काही दिवसांत ओसरेल. ओसरेपर्यंत पुढची पायरी नाही, आणि आपल्या मनाने मागेही जायचं नाही. ओसरली. संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद झाला, त्यावर मात्र गोळीपेक्षा जास्त वाद झाले. सर्दीची गुंगी आणणारी गोळी आणि खोकल्याचं औषध विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, हेही ठरलं. रात्री बाथरूमला जाताना तोल गेला तर या वयात खुब्याचं हाड मोडतं.

पुढे एकेक रात्र गळू लागली, दर दोन-तीन आठवड्यांनी एक. मात्रा एवढी कमी असल्यामुळे हे चाललं. रोज जास्त घेणाऱ्याला असं एकाआड एक दिलं तर नुसती चढ-उतार होते. मुलाच्या फोनच्या रात्री सर्वांत चिवट निघाल्या. शेवटी फोन सकाळवर नेला. औषधात नसलेला हा उपाय मावशीचाच.

आता प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढ्या उरल्यात. डॉक्टरांनी शून्याचा हट्ट धरला नाही. मागच्या भेटीत त्यांनी चिठ्ठीवर पंधराऐवजी पाच गोळ्या लिहिल्या. मावशीने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"पाचच? आणि पोराकडे अमेरिकेला जायचं झालं तर?"

"तिकीट काढलंत की या, बाई. तेव्हा बोलू."