कराचीला न पोहोचलेली एअरशिप

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर, नाहीतर ठाण्याला तलावपाळीवर, आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे दोन चाहते भेटले की तिसऱ्या वाक्याला १९८८ साल निघतं. एका पक्षाचं म्हणणं, ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’पाशी हा बँड संपला, पुढे चाललं ते नावावर. दुसरा पक्ष म्हणतो, गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ १९९९ मध्ये परत आले, तीन गिटार झाल्या आणि २००० च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’पासून मेडन खऱ्या अर्थाने वयात आला. मधली, ब्लेझ बेली गायक असतानाची वर्षं दोन्ही पक्ष ओलांडून जातात. मीही ओलांडतो. मी दुसऱ्या पक्षाचा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिल्या पक्षाचं सगळंच चूक नाही. दर दुसरं गाणं संथ गिटारने उघडतं, बँडचा बासवादक-गीतकार स्टीव्ह हॅरिस एकच ध्रुवपद पुरे म्हणेपर्यंत आळवतो, आणि केव्हिन शर्लीच्या निर्मितीतला आवाज अनेकांना कोरडा वाटतो. ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ (२००६) तर हॅरिसच्या आग्रहामुळे मास्टरिंग न करताच बाहेर आला. पण खरी तक्रार लांबीची असते, आणि तिचं मूळ मला कॅसेटमध्ये दिसतं. आमच्या पिढीला हे संगीत मित्राकडून भरून घेतलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर मिळालं. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ (१९८२) जेमतेम चाळीस मिनिटांचा. एका बाजूत आरामात बसतो. ‘द बुक ऑफ सोल्स’ (२०१५) ब्याण्णव मिनिटांचा आहे. दोन्ही बाजू मिळूनही तो मावला नसता. म्हणून लांबी हाच दोष ठरवायचा, तर १९८४ चं ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ तेरा मिनिटांहून मोठं आहे, आणि त्याला नावं ठेवणारा जुन्या पक्षात मला अजून भेटलेला नाही. विलंबित ख्यालाला जो धीर लागतो तोच इथे लागतो, आणि ज्या गावात घराघरांत शास्त्रीय गाणं ऐकलं जातं तिथे तो नसावा हे मला पटत नाही.

वाद असाच चालत राहिला असता. मला त्यात दोन याद्या महत्त्वाच्या वाटल्या, कार्यक्रमांत वाजलेल्या गाण्यांच्या. पहिली १७ मार्च २००७ ची, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवरची. मेडनचा भारतातला तो पहिला कार्यक्रम. त्या रात्री २००६ च्या अल्बममधली पाच गाणी वाजली. दुसरी यादी १ फेब्रुवारी २००८ ची, वांद्रे-कुर्ला संकुलातली, म्हणजे बीकेसीतली. आपल्याकडची मंडळी कुर्ल्याला उतरून रिक्षाने गेली ती रात्र. सोळा गाणी, पंधरा १९८० ते १९८८ मधली, आणि उरलेलं एक ‘फिअर ऑफ द डार्क’, तेही १९९२ चं. ब्रूस परत आल्यानंतरचं एकही नाही. दौराच जुन्या गाण्यांचा होता, जगभर यादी तीच होती, त्यामुळे बँडला दोष देता येत नाही. पण परिणाम बघा. कल्याणहून उद्यान एक्स्प्रेस पकडून जे बंगळूरला गेले त्यांच्या कानांवर नवा मेडन प्रत्यक्ष पडला. जे फक्त बीकेसीला गेले त्यांच्यापुढे तो आलाच नाही. २००९ मध्ये बँड पुन्हा बंगळूरला आला तोही याच जुन्या गाण्यांच्या दौऱ्यात. मुंबई पट्ट्यातला निकाल अर्ध्या पुराव्यावर लागलेला आहे, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

बंगळूरच्या त्या पाचांपैकी एक ‘ब्रायटर दॅन अ थाउजंड सन्स’. विषय अणुबॉम्ब. हेच नाव रॉबर्ट युंक यांच्या अणुशास्त्रज्ञांवरच्या प्रसिद्ध पुस्तकाचं, आणि त्याचा उगम गीतेच्या अकराव्या अध्यायात, विश्वरूपदर्शनातल्या सहस्र सूर्यांच्या तेजात. ज्ञानेश्वरीचं पारायण होणाऱ्या घरातल्या मुलाने हे गाणं ‘नंतरचं’ म्हणून न ऐकता टाकावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. ‘द बुक ऑफ सोल्स’च्या शेवटी ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ आहे. अठरा मिनिटांचं, बँडचं सर्वांत लांब गाणं, डिकिन्सनने पियानोवर रचलेलं. जुना पक्ष याच गाण्याकडे बोट दाखवून ‘बघा, कुठे पोहोचलेत’ म्हणतो. गाणं आर-१०१ या ब्रिटिश एअरशिपवर आहे. हायड्रोजनने भरलेली, ७७७ फूट लांब. साम्राज्याचे दूरचे प्रदेश हवेतून जोडायचे म्हणून ब्रिटिश सरकारने ती बांधली. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी बेडफर्डशरमधल्या कार्डिंग्टनहून ती निघाली. हवामान खराब होतं, पुरेशा चाचण्या झालेल्या नव्हत्या; पण हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन यांना वेळेत जाऊन यायचं होतं आणि ते स्वतः आत बसले होते. मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ती जमिनीला टेकली आणि पेटली. चोपन्न माणसांपैकी अठ्ठेचाळीस गेली, थॉमसनही गेले.

ती निघाली होती कुठे? इजिप्तमध्ये इस्माइलियाला थांबून कराचीला. तिथे तिच्यासाठी प्रचंड हँगर आणि बांधून ठेवायचा मनोरा तयार होता. सिंध वेगळा प्रांत झाला १९३६ मध्ये. १९३० साली कराची मुंबई इलाख्यात होती. म्हणजे मेडनचं सर्वांत लांब गाणं ज्या प्रवासावर आहे, त्याचं ठिकाण आपल्याच इलाख्यातलं. ठाणे जिल्हा आणि कराची तेव्हा एकाच गव्हर्नरच्या हाताखाली होते. मेडनवर मी जे काही वाचलं त्यात ही गोष्ट कुणी मांडलेली मला आढळली नाही.

त्याला आणखी एक जोड आहे. डिकिन्सन परवानाधारक वैमानिक आहे. २००८ चा तो दौरा ‘एड फोर्स वन’ या बोइंग ७५७ विमानातून झाला, आणि पहिलाच टप्पा इंग्लंडहून बाकूमार्गे मुंबई होता. ‘फ्लाइट ६६६’ या माहितीपटात तो दौरा दिसतो. माहितीपटाच्या ध्वनिमुद्रिकेतलं ‘एसेस हाय’ बीकेसीच्या रात्रीचं आहे. इंग्लंडहून मुंबईपर्यंत विमान आणणाऱ्या चमूतल्या माणसाने सात वर्षांनी इंग्लंडहून मुंबई इलाख्याकडे निघून न पोहोचलेल्या एअरशिपवर अठरा मिनिटं खर्च केली. ती मला एक सेकंदही जास्त वाटत नाहीत. उड्डाण, वादळ, कोसळणं, सगळ्याला तेवढी जागा हवीच होती.

२०२१ चा ‘सेन्जुत्सु’ही ब्याऐंशी मिनिटांच्या आसपास जातो आणि त्याची दुसरी तबकडी पहिलीपेक्षा सरस आहे. २०२३-२४ च्या दौऱ्यात त्यातली गाणी १९८६ च्या गाण्यांशेजारी वाजली आणि उभी राहिली. पण २०२५ च्या दौऱ्यात बँड पुन्हा पहिल्या नऊ अल्बमांवर, म्हणजे १९९२ च्या अलीकडे यायचं नाही अशा ठरावावर गेला. जुन्या पक्षाला याचा आनंद झाला असेल. मला तो निर्णय चुकीचा वाटतो.

माझा निकाल असा: २००० नंतरच्या अल्बमांत ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ पहिला, ‘द बुक ऑफ सोल्स’ दुसरा, आणि ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ हे एक गाणं बँडच्या सगळ्या कारकिर्दीत ‘राइम’च्या बरोबरीचं. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी ते एकदा सलग, मध्ये न थांबवता ऐकावं आणि मग भांडायला यावं.