प्रवाळांच्या टाकीतील गोंद : निवड, वापर आणि दक्षता

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या इंद्रवेल्लीच्या स्मरणिकेत प्रवाळांविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु कृत्रिम समुद्रमीठ, शुद्ध केलेले पाणी, पंप आणि विशिष्ट दिवे यांच्या साहाय्याने आता समुद्रापासून कितीही दूर काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढविता येतात. व्यवसायबंधूंपैकी कोणास वा त्यांच्या मुलांस या छंदाची गोडी लागल्यास, त्यातील एका साध्या वाटणाऱ्या वस्तूची, म्हणजे गोंदाची, माहिती असणे आवश्यक आहे. त्या गोंदाचा आपल्या शास्त्राशीही निकटचा संबंध आहे.

प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय. कठीण प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचतात. टाकीत ठेवलेला तुकडा पाण्याच्या प्रवाहाने कलंडला, तर त्याची कोवळी ऊती खडकावर घासून मरते. तो शेजारच्या प्रवाळावर पडला, तर दोघांच्या दंशपेशी एकमेकांस भाजून काढतात. प्रवाळ स्वतःच्या बुंध्याने खडकास धरून बसेपर्यंत त्यास स्थिर ठेवणे, एवढेच गोंदाचे काम. अस्थिभंगावरील प्लास्टरचे जे कार्य, तेच येथे गोंदाचे.

यासाठी मुख्यतः दोन पदार्थ वापरले जातात. पहिला सायनोअ‍ॅक्रिलेट. ईस्टमन कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर यांच्या हाती तो 1942 मध्ये आला, पण नको तेथे चिकटतो म्हणून बाजूस पडला. 1951 मध्ये त्याचे गुण नव्याने लक्षात आले आणि 1958 मध्ये तो बाजारात आला. ओलाव्याच्या स्पर्शाने तो घट्ट होतो, म्हणून पाण्याखालीही उपयोगी पडतो. टाकीसाठी पातळ द्रव नको, जेलच घ्यावे. पातळ द्रव पाण्यात पसरतो आणि जिवंत ऊतीवर जातो. दुसरा पदार्थ म्हणजे दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. दोन्ही भाग रंग एकसारखा होईतो मळावे लागतात. ती खाचा उत्तम भरते, मात्र तिची चिकटण्याची शक्ती बेताचीच. म्हणून जड तुकड्यासाठी खडकावर जेल, त्यावर पुट्टी आणि तिच्यावर पुन्हा जेल, असा तिपदरी थर द्यावा. बुरशीनाशक मिसळलेले स्नानगृहाचे सिलिकोन टाकीत कदापि वापरू नये.

कृती अशी. खडकाची जागा शेवाळ खरवडून स्वच्छ करावी. तुकडा बाहेर काढून केवळ सांगाड्याचा तळ टिपून कोरडा करावा व तेथेच जेल लावावे. पाण्यात शिरताच जेलवर पातळ साय धरते. ती फुटावी म्हणून तुकडा किंचित फिरवीत खडकावर दाबावा आणि थोडा वेळ स्थिर धरावा. एका वेळी पुट्टी बेतानेच वापरावी, कारण तिच्यामुळे टाकीतील फेसयंत्र काही काळ अनावर फेस काढते. सांगाडा नसलेले, बुळबुळीत मृदू प्रवाळ गोंदास दाद देत नाहीत. ते बारीक खड्यांसह जाळी झाकलेल्या वाडग्यात मंद प्रवाहात ठेवावेत. खड्यास धरले, की खडाच चिकटवावा.

आता बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने. जखमा जोडण्यासाठी आपण ब्युटिल वा ऑक्टिल सायनोअ‍ॅक्रिलेट वापरतो. घरगुती गोंदात बहुधा एथिल असते. त्याचे विघटन जलद होते आणि त्यातून ऊतीस अपाय संभवतो. म्हणून टाकीचा गोंद मुलाच्या जखमेवर लावू नये. गोंद सुती कापडावर वा कापसावर सांडल्यास तीव्र उष्णता निर्माण होऊन त्वचा भाजू शकते. तो कापसाने पुसू नये आणि कपड्यावर सांडल्यास कपडा त्वरित दूर करून थंड पाणी ओतावे. पापण्या चिकटल्यास ओढून वा कापून सोडवू नयेत. कोमट पाण्याने धुवून नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. बहुधा काही दिवसांत त्या आपोआप सुटतात, पण बुबुळास इजा झाली आहे काय हे पाहिलेच पाहिजे.

गोंदापेक्षाही गंभीर धोका काही प्रवाळसदृश प्राण्यांचा आहे. पॅलिथोआ या प्राण्यांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. 1971 मध्ये ते हवाई येथील प्राण्यापासून वेगळे करण्यात आले. पेशीतील सोडियम-पोटॅशियम पंपास ते उघड्या वाहिनीत रूपांतरित करते. हे प्राणी असलेला खडक घासल्याने, उकळल्याने वा गरम पाण्याने धुतल्याने विष वाफेतून व तुषारांतून फुप्फुसात जाऊन सर्व कुटुंबास ताप, खोकला आणि धाप लागल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. तुकडे करताना हातमोजे व चष्मा घालावा, खडक कधीही उकळू नये आणि मुलांस खोलीबाहेर ठेवावे. टाकी असलेल्या घरात एकाच वेळी अनेकांना अशी लक्षणे झाल्यास टाकीविषयी विचारपूस अवश्य करावी.

शेवटी कायद्याविषयी. खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून तोडणे वा विकणे हा गुन्हा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी 2020 मध्ये वरळी व हाजीअली येथील अवघ्या 18 वसाहती हलवावयाच्या होत्या, तर वनखात्याची परवानगी आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मार्गदर्शन घ्यावे लागले. सार्वजनिक कामास हा दंडक, तेथे आपल्या दिवाणखान्यास सूट नाही. प्रत्येक तुकड्याच्या उगमाची कागदपत्रे पाहिल्याविना खरेदी करू नये. ती मिळत नसतील तर प्रवाळांविना, केवळ माशांची टाकीही तितकीच आनंददायी असते.