पाडव्याच्याच दिवशी, काठमांडूत

बलिप्रतिपदेला आपल्याकडे बायका नवऱ्याला ओवाळतात, व्यापारी नव्या वह्या घालतात. त्याच तिथीला काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाचं नवं वर्ष लागतं आणि संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाच्या देहाची पूजा होते. ही म्ह पूजा. महिना अमावास्येला संपवण्याची नेवारांच्या कालगणनेची, म्हणजे नेपाळ संवताची, रीतही आपल्यासारखीच.

जमिनीवर ओळीनं मंडलं काढतात: माणशी एक, शिवाय यमराज आणि यमदूतांची. परदेशी गेलेल्या मुलाचंही मंडल मांडतात, काही घरांत केरसुणी आणि घागरीलाही मान मिळतो. पिठीचं कमळ, भोवती मोहरीच्या तेलाचं कडं, त्यावर महाळुंग, अक्रोड, सुताचं वेटोळं, न सुकणाऱ्या जांभळ्या मखमलीच्या माळा. लांब वाती पेटल्या की पूजा होईपर्यंत कुणी उठायचं नाही. सूत्रं घरातल्या थोरल्या बाईच्या हाती. मग सगुन: अंडं, मासा, मांस, उडदाचा वडा आणि अयला, म्हणजे तांदळाची घरगुती दारू. आपल्या सोवळ्यातल्या पाडव्याला हे ताट झेपायचं नाही. पण यमाला पंगतीत बसवून आयुष्य मागण्याचा हा रोखठोकपणा मला आवडतो.

भक्तपूरची बिस्का जात्राही नववर्षाचीच, पण ती वैशाखातली, सौर पंचांगाची. भैरवाचा रथ वरच्या आणि खालच्या आळीचे लोक आपापल्या दिशेला ओढतात, तिथं गर्दीला आवर नसतो. म्ह पूजा मात्र चार भिंतींतली, आणि माझ्या मते तिथंच तिचं बळ आहे.

कारण नेपाळ संवत केवळ राजाश्रयावर टिकलेला नाही. तो इ.स. 879 पासूनचा. कथा अशी, की शंखधर साख्वा या व्यापाऱ्याला नदीकाठच्या वाळूचं सोनं लाभलं, त्यातून त्यानं सगळ्या प्रजेचं कर्ज फेडलं आणि नवा संवत सुरू झाला. विक्रमादित्य, शालिवाहन यांच्या रांगेत हा सावकारी वह्या कोऱ्या करणारा माणूस वेगळाच उठून दिसतो. मल्ल राजांच्या काळात संवत दरबारी होता. 1769 नंतर शहा राजांच्या अमलात शालिवाहन शक आला, पुढे राणा पंतप्रधान चंद्र शमशेरनी विक्रम संवत चालवला. कारभारातून हद्दपार झालेली कालगणना ज्यांनी दोनशेहून अधिक वर्षं जिवंत ठेवली, त्यांत दर कार्तिकात घराघरांत मंडलं काढणाऱ्या बायकांचा वाटा मोठा, पण त्यांचं नाव कुठल्या ताम्रपटावर येणार?

विसाव्या शतकात नेवार लेखक धर्मादित्य धर्माचार्यांनी संवताच्या मान्यतेची मागणी लावून धरली. राजाच्या पक्षविरहित ‘पंचायत’ राजवटीत नववर्षाच्या मिरवणुकांतून ती रस्त्यावर आली, धरपकडही झाली. 1999 साली शंखधरांना राष्ट्रीय विभूती जाहीर करण्यात आलं, 2008 मध्ये संवतालाच राष्ट्रीय मान्यता मिळाली. रोजचा व्यवहार अजून विक्रम संवतावर चालतो. पण नववर्षाच्या दिवशी ‘न्हूदँया भिन्तुना’ (नव्या वर्षाच्या शुभेच्छा) अशा आरोळ्या देत तरुणांच्या मोटारसायकली आजही काठमांडू, पाटण, भक्तपूरच्या गल्ल्यांतून फिरतात, आणि आता त्यांना अडवायला पोलीस येत नाहीत.