न्यायाधीश घडतो कसा?

एरंडोलच्या दिवाणी न्यायालयाच्या निकालावरचे अपील जळगावला जिल्हा न्यायालयात जाते, तिथून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे. अपिलाची ही वाट पक्षकारांना पाठ असते. पण उच्च न्यायालयाचे दुसरे कामही तितकेच मोलाचे आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार कनिष्ठ न्यायालयांवरील नियंत्रण त्याच्याकडे असते. बदली, बढती, शिस्त यांबरोबर नव्या न्यायाधीशाला घडवण्याची जबाबदारीही त्यातच येते.

कनिष्ठ न्यायाधीशांवरील अशा देखरेखीचा उत्तम नमुना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या कारकिर्दीत सापडतो. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेल्या कर्जविषयक कायद्याखाली कनिष्ठ न्यायाधीशांचे काम तपासण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. गावोगाव फिरून ते दप्तरे पाहत. १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, ते तालुक्याच्या कचेरीची नस ओळखूनच.

आज प्रशिक्षणाचे काम भाईंदरजवळच्या उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत चालते. तरीही खरे शिक्षण रोजनाम्यातून होते. वादमुद्दे नेमके काढले का, तारीख कोणत्या कारणाने दिली, पुराव्याचा विचार निकालात उतरला का, हे अनुभवी ज्येष्ठाने दाखवून दिले की नवख्याची दृष्टी तयार होते. मात्र निकाल काय द्यावा, हे ज्येष्ठाने कधीच सांगायचे नसते. ती मर्यादा ओलांडली तर मार्गदर्शनाचा दबाव होतो. चुकीचा निकाल दुरुस्त करण्यासाठी अपील आहेच.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश स्तरावरील न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. रोजनाम्याची ओळख न्यायाधीश होण्याआधीच व्हावी, म्हणून ती योग्यच आहे.